खांबामागचं पाणी

पांढुर्णा सोडून आमल्याकडे निघालेली गाडी तिगावला पोचते तोवर सपाटी संपत आलेली असते. पुढे चिचोंड्यापर्यंत घाट. एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला सातपुड्याची चढण, आणि दर थोड्या अंतरावर एखादा नाला, एखादी मोरी, एखादा पूल. तिगावातच मी वाढलो आणि नोकरीही पुलांवरच केली. रेल्वेचे पूल तपासणाऱ्या माणसांत माझी उमेदीची वर्षं गेली. गर्डरच्या रिव्हेटी ठोकून पाहायच्या, दगडी खांबाच्या सांध्यातला चुना निसटला का ते बघायचं, आणि पावसाळ्याआधी खांबापाशी शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून गेल्या पुरानं तळ किती उकरला ते मोजायचं. सुट्टीच्या दिवशी त्याच पाण्यात मी गळ टाकत आलो आहे. हलकी काठी, बारीक दोरी, आणि आमिष म्हणून धातूचा चमचा किंवा पिसांची फ्लाय.

या छंदाबद्दल आमच्याकडे एक समज पक्का आहे, की रीळ लावलेली काठी ही गोऱ्या साहेबाची देणगी. मासे धरणारा ढीमर किंवा भोई वेगळा, आणि मासा झुंजवणारा शौकीन वेगळा. मला हे मान्य नाही. हलक्या गळाचा इतिहास उलगडत गेलं की त्यातला बांबू आपल्या जंगलातला निघतो, पिसं आपल्या रानातली निघतात, आणि मासा कुठे उभा असतो ही मुख्य विद्या आपल्या नदीकाठच्या माणसांची निघते. साहेबानं तिला पुस्तकात बसवलं. ज्यांनी ती शिकवली त्यांची नावं मात्र पुस्तकात आली नाहीत.

पुलापाशी मासा का थांबतो, इथून सुरुवात करतो. वाहतं पाणी खांबाच्या नाकावर आदळलं की थोडं वर चढतं, बरंचसं खाली वळतं आणि तळाची रेती उकरत दोन्ही बाजूंनी निसटतं. त्यामुळे खांबाच्या पुढ्यात खड्डा पडतो. मागच्या बाजूला दोन धारांच्या मधोमध संथ पाण्याची लांबट पट्टी तयार होते. आमच्या वहीत त्या खड्ड्याची खोली फुटांत लिहिली जाई, कारण तो पायाच्या खाली गेला तर पूल धोक्यात. माशाच्या दृष्टीनं हीच जागा सर्वांत सोयीची. पट्टीत उभं राहायला ताकद लागत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या धारांतून ‘चाल’ माशासारखी बारीक मासळी, किडे, वाहून आलेली फळं दारातून जात राहतात. त्यात पुलाची सावली पडते. सावलीच्या कडेला उभ्या असलेल्या माशाला उजेडातलं सगळं दिसतं, उजेडातल्याला तो दिसत नाही.

हे शास्त्र मी खात्याच्या पुस्तकात नंतर वाचलं. आधी ऐकलं ते कन्हानच्या काठी, एका म्हाताऱ्या ढीमराकडून. मी मधल्या धारेत चमचा फेकत होतो. तो पागजाळं खांद्यावर टाकून उभा होता. म्हणाला, “लोंढ्यात काय पाह्यतं, बापू? खांबाच्या मांगं पाय. तिथं पानी दम घेते, अन् मासाबी.” मग त्यानं बोटानं दाखवलं. खांबापासून दोन हात मागे पाण्यावर एक बारीक सुरकुती होती. तिच्या अलीकडे फेस पळत होता आणि पलीकडे जागच्या जागी फिरत होता. गळ त्या सुरकुतीवर पडला पाहिजे, ना अलीकडे ना पलीकडे. अमेरिकेतला मासेमारीवरचा लेखक याच रेषेबद्दल प्रकरणंच्या प्रकरणं लिहितो. आमच्या ढीमरानं ती दोन वाक्यांत सांगितली.

आमच्या नद्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पांढुर्ण्याची जाम नदी, जिच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, ती पुढे कन्हानला मिळते. कन्हान सातपुड्यातून उतरून सौंसरच्या मुलखातून कामठीकडे जाते, पेंचला पोटात घेते आणि वैनगंगेला मिळते. घाट चढून मुलताईला गेलं की वर्धेचा उगम, आणि तिथेच पश्चिमेला तोंड करून निघालेली तापी. वर्धा आणि वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जातात. म्हणजे तिगावच्या नाल्यातलं पाणी शेवटी गोदावरीचं. या पाण्यात मरळ, शिंगाळा, पढीन, वाम हे दांडगे शिकारी मासे. गोदावरीच्या मोठ्या खोऱ्यात महाशीरही आहे. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात आणि मध्य प्रदेशानं 2011 साली त्याला राज्यमासा ठरवलं.

आता मागे जाऊ. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय करावं, काय खावं, कशात रमावं याचा तो कोश आहे. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणत्या माशाला कोणतं खाणं आवडतं, खाणं टाकून त्याला एका जागी कसं आणायचं आणि मग काठीदोरीनं कसं धरायचं, असा तो सगळा विषय. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यावर लेख लिहून जगाचं लक्ष वेधलं. इंग्रजीतलं गळावरचं पहिलं छापील पुस्तक 1496 सालचं आहे. आपला मत्स्यविनोद त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा, आणि कल्याणी काही लांब नाही, मराठी मुलखाच्या सीमेवरच आहे. पोटासाठी नव्हे, तर माशाशी झुंजण्याच्या आनंदासाठी गळ टाकावा ही कल्पना बोटीत बसून इथे आलेली नाही.

सोमेश्वराला ही माहिती कुणी दिली असेल? राजा स्वतः डोहाकाठी वर्षानुवर्षं बसला नसणार. कोणता मासा तीळ खातो आणि कोणता मांस, हे त्याच्या पदरच्या कोळ्या-भोयांनीच सांगितलं असणार. हा माझा तर्क आहे, पण त्याला पुढच्या काळाचा आधार आहे. कर्नल विल्यम सायक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी. त्यानं दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध 1839 साली लंडनला प्रसिद्ध केला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराला त्यानं शास्त्रीय नाव दिलं ते ‘खुद्री’. इतर माशांना दिलेली नावं ‘मुसुल्ला’, ‘कोलुस’, ‘पोटैल’, ‘नुक्ता’, ‘बोग्गट’. ही सारी इथल्या बोलण्यातली नावं त्यानं लॅटिन वळणात बसवली, आणि ती आजही जगभरच्या संग्रहालयांत चालतात. सायक्सनं एवढा प्रामाणिकपणा दाखवला. नाव सांगणाऱ्यांची नोंद मात्र त्यानंही केली नाही.

साहेबाबरोबर छावण्या आल्या, मग रेल्वे. 1821 साली कामठीला कन्हानच्या काठी छावणी पडली. 1867 साली मुंबईची रेल्वे पुलगावपाशी वर्धा ओलांडून नागपूरला आली. तिगावची लाइन, म्हणजे नागपूर-इटारसी मार्ग, विसाव्या शतकाच्या विशीतला. एकेक पूल उभा राहिला तसतसं नदीला एक नवं, माणसाच्या हातचं ठिकाण मिळालं. नैसर्गिक डोह कुठे आहे हे गावच्या माणसालाच ठाऊक असतं. पूल मात्र परक्यालाही दिसतो. बदलून आलेला अधिकारी, स्टेशनमास्तर, ड्रायव्हर हे सगळे पुलावर गळ घेऊन उभे राहू लागले ते यामुळे.

1873 साली मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानं मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढलं. महाशीराच्या शौकिनांचा तो आद्यग्रंथ. थॉमसचं मोठेपण केवळ शिकारकथांत नाही. त्यानं 1870 मध्ये दक्षिण कानडातल्या मत्स्यसंवर्धनावर अहवाल लिहिला होता. बारीक आसाचं जाळं, विष आणि बांध घालून नदी उपसणं यांनी पिल्लं संपतात, हे तो सांगत राहिला. फ्रान्सिस डे यानं 1873 च्या आपल्या अहवालात तेच देशभरासाठी मांडलं. त्यातून 1897 चा भारतीय मत्स्योद्योग कायदा झाला. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं हा त्या कायद्यानं गुन्हा ठरवला. रेल्वे, खाणी आणि सडका आल्या तशी सुरुंगाची दारू खेड्यापाड्यांत सहज मिळू लागली होती. ज्या दारूनं बोगदे फोडले, तिनंच डोह फोडले जात होते.

साहेबाच्या हातातली काठी कशाची होती, ते आता पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बांबूच्या कांबी चिरून, रंधून, सहा पट्ट्या एकत्र चिकटवून काठी करण्याची कला वाढली. पेनसिल्व्हेनियातला सॅम्युअल फिलिप हा बंदूक दुरुस्त करणारा कारागीर तिच्या पहिल्या जाणकारांपैकी. या काठीनं हलका गळ शक्य झाला, कारण ती वाकते पण तुटत नाही, आणि माशाच्या प्रत्येक झटक्याचा जोर स्वतः झेलते. चीनचा टोंकिन बांबू येईपर्यंत त्या कारागिरांचा मुख्य माल ‘कलकत्ता केन’ होता. कलकत्त्याहून जहाजानं जाणारा तो बांबू म्हणजे आपला भरीव बांबू, ज्याच्या लाठ्या होतात. सातपुड्यात डोंगरच्या डोंगर त्यानं भरलेले आहेत. माझ्या घरी वडिलांची लाठी आहे. तिचा कापलेला बुंधा पाहिला की बाहेरच्या सालीखाली काळपट धाग्यांचे दाट ठिपके दिसतात, आत जावं तसे विरळ होतात. काठीचं सगळं बळ त्या बाहेरच्या थरात. फिलिपनं नेमका तोच थर वापरला.

पिसांची गोष्टही तशीच. स्कॉटलंडच्या सामन माशासाठी बांधलेल्या नामांकित फ्लायांत दोन्ही बाजूंना डोळ्यासारखं चकाकणारं एक पीस असतं. ते आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचं. हा पक्षी भारताबाहेर कुठे नाही. त्याची वस्ती दक्षिणेतून सह्याद्रीनं वर येत पचमढीच्या रानापर्यंत आहे. मागणी इतकी वाढली की 1902 साली सरकारला रानपाखरांची पिसं परदेशी पाठवण्यावर बंदी घालावी लागली. पुढे गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं भारतातून जात राहिली, आणि अमेरिकेच्या दुकानांत ‘इंडियन’ म्हणून विकली गेली.

नंतरचं यंत्र मात्र निखळ त्यांचं, आणि ते मान्य करायला हवं. 1905 मध्ये इंग्लंडच्या इलिंगवर्थनं न फिरणाऱ्या गुंडाळीचं रीळ केलं. दोरी गुंडाळीच्या तोंडावरून सुटते, त्यामुळे अगदी हलकं आमिषही लांब जातं. 1938 साली नायलॉन आलं आणि रेशीमकिड्यापासून काढलेल्या महागड्या तातेची गरज संपली. पाच-सहा किलोला तुटणारी दोरी आणि नीट लावलेला ब्रेक एवढ्यावर दहा किलोचा मासा आणता येऊ लागला. जोरात ओढून नव्हे, त्याला दोरी देत-घेत, दमवून. हलक्या गळाची खरी शिस्त हीच. ताकदीपेक्षा मनगट आणि धीर लागतो.

या शिस्तीचं जगातलं एक गाजलेलं मैदान म्हणजे अमेरिकेचा पूर्व किनारा आणि तिथला पट्टेरी बास. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नद्यांत शिरतो. खाड्यांवरच्या पुलांखाली, दिव्यांचा उजेड जिथे संपतो त्या सावलीच्या कडेला तो रात्री प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. आमच्या ढीमराचा नियम तिथेही लागू. चेसापीक उपसागरात याच माशासाठी लेफ्टी क्रे या गळवाल्यानं कोंबड्याची पिसं आणि हरणाच्या शेपटीचे केस बांधून एक फ्लाय केली. 1991 साली तिचं टपाल तिकीट निघालं. या माशाला आगगाडीनंही नेलं आहे. 1879 आणि 1882 मध्ये न्यू जर्सीच्या नद्यांतली काही शे पिल्लं गाडीनं देश ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सोडली गेली आणि वीस वर्षांत तिथल्या बाजारात त्यांची लाखो पौंडांची आवक होऊ लागली. पण मूळच्या किनाऱ्यावर तो 1970 नंतर कोसळला. 1984 साली अमेरिकेच्या काँग्रेसनं खास कायदा केला, मेरीलँडनं 1985 पासून पाच वर्षं मासेमारी पूर्ण बंद ठेवली, आणि 1995 मध्ये मासा सावरल्याचं जाहीर झालं. गळवाल्यांनी स्वतः रेटा लावला म्हणून ते झालं. 2019 मध्ये तो पुन्हा झेपेल त्याहून जास्त मारला जातोय असा निष्कर्ष निघाला. म्हणजे राखण एकदा करून भागत नाही.

आपल्याकडेही राखणदार झाले. महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी स्वतः गळाचे शौकीन होते. 1970 च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या धरणांवर त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी सायक्सच्या ‘खुद्री’ची कृत्रिम पैदास यशस्वी केली. ते काम मोठं आहे. लोणावळ्याची पिल्लं देशभर गेली. त्यांतली काही कावेरीतही गेली, जिच्या खोऱ्यात 1946 साली 120 पौंडांचा महाशीर गळाला लागला होता. तो राक्षसी मासा मात्र वेगळा होता, पाठीवर कुबड असलेला, फक्त कावेरीच्या खोऱ्यातला. पाहुणा फोफावला आणि घरचा मालक नामशेष व्हायच्या काठावर गेला. त्याला पक्कं शास्त्रीय नाव मिळालं ते 2018 साली. हेतू सगळ्यांचा चांगला होता. पण कोणत्या डोहात कोणता मासा मूळचा, हे काठावरच्या माणसांना विचारायचं राहून गेलं, आणि त्याची ही किंमत.

विचारलं तर काय घडतं, याचा दाखला महाडजवळ आहे. काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे, वरदायिनी देवीचा. तिथल्या झुलत्या पुलावरून लोक महाशीरांना चुरमुरे टाकतात. तिथला मासा कुणी धरत नाही. ना पोलीस, ना पाटी. गावानं ठरवलं, एवढंच. कावेरीवर दुसरा दाखला. तिथे गळाच्या संस्थांनी पट्टे राखायला घेतले तेव्हा चोरून मासे मारणाऱ्या गावकऱ्यांनाच वाटाडे आणि रखवालदार म्हणून पगारावर घेतलं. मासा कुठे उभा राहतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जिवंत माशावर पगार चालू झाला, तशी सुरुंगाची दारू त्यांनीच अडवली.

माझं म्हणणं या दोन दाखल्यांवर उभं आहे. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदीतली मासेमारी बंद असते, कारण पहिल्या पुराबरोबर मासा अंडी घालायला वर चढतो. नियम उत्तम आहे, पण कागदावरचा नियम पाण्यात उतरायला माणूस लागतो. कन्हान-जामच्या पुलांभोवतीचे खोल डोह गावागावांतल्या ढीमरांच्या सहकारी संस्थांकडे राखणीला द्यावेत. पुलाच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतरापर्यंत जाळं नको, दारू तर नकोच. काठीवाल्याला परवानगी असावी. एकेरी, बिनकाट्याचा गळ, धरलेला मोठा मासा परत पाण्यात, आणि परवान्याचा पैसा राखणदार संस्थेला. हलक्या गळाची शिस्त मोठ्या माशाला जिवंत सोडायला शिकवते. तिचा उपयोग नदीला व्हावा.

आणि एक काम याहून तातडीचं. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. कधी ना कधी त्याचं गॅझेटियर लिहिलं जाईल आणि त्यात माशांवर एक प्रकरण असेल. ते सायक्सच्या चालीनं लिहिलं जाऊ नये. जामवर आणि कन्हानवर डोहांना नावं आहेत. कोणत्या डोहात कोणता मासा, कोणत्या नक्षत्रात तो वर चढतो, कोणत्या पुलाच्या कितव्या खांबामागे पढीन बसतो, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांची मुलं नागपूरला कारखान्यांत गेली आहेत. शाळेतल्या मुलांनी, कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावं. डोहाचं नाव, माशाचं नाव आणि त्याच्या शेजारी, त्यांची हरकत नसेल तर, सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं. पुलांची वही मी आयुष्यभर अशीच लिहिली. कोणत्या खांबाची खोली, कोणत्या तारखेला, कुणी मोजली. मोजणाऱ्याचं नाव नसलेली नोंद आम्ही खरी धरत नसू. माशांच्या इतिहासालाही हाच नियम लावावा.